कोऱ्या बशीतला लाल धागा

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझे शिंपले चोरत होती.

निदान मला तसं वाटलं. सकाळचे सात वाजले असतील. मी होडी घेऊन माझ्या तराफ्याकडे निघालो होतो. तराफा म्हणजे पाण्यावर तरंगणारी लाकडी चौकट. तिच्यावरून खाली दोऱ्या सोडलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांना धरून काळे शिंपले वाढतात. माझ्या तराफ्याला अशा दीडशे दोऱ्या होत्या. त्या सकाळी तराफ्याच्या कडेला एक बाई पालथी पडली होती. पाय फळीवर, डोकं जवळजवळ पाण्यात, अंगात भडक पिवळा कोट.

"ओ बाई!" मी लांबूनच ओरडलो. "चोरी करायची तर निदान कोट तरी साधा घालायचा. पार धक्क्यावरून दिसताय!"

ती उठली नाही. एक हात वर करून तिने मला थांबायची खूण केली. "एक मिनिट... एकच मिनिट... सुटला!"

मग ती उठून बसली. केसांतून पाणी गळत होतं. हातात एक छोटा लटकता वजनकाटा होता आणि काट्याच्या आकड्याला दोऱ्याने बांधलेला माझा शिंपला.

"तीन," ती म्हणाली. चोर पकडला गेल्यासारखं तिचं तोंड अजिबात नव्हतं. उलट माझीच चूक पकडल्यासारखं होतं. "नुसते तीन. सहा तरी हवे होते."

"तीन काय?"

"ताकद. शिंपल्याची. तुमचेच ना हे?"

"माझेच. आणि मला न विचारता तुम्ही—"

"चिठ्ठी दिली होती शेडवर. एका बाईंनी घेतली. देते म्हणाल्या."

त्या बाई म्हणजे माझी ताई. शिंपले धुऊन निवडायची शेड ती सांभाळायची, आणि आलेली चिठ्ठी स्वतःला पटली तरच पुढे द्यायची.

"कसली ताकद?" मी जरा नरमाईने विचारलं.

"धरून राहायची." तिने शिंपला माझ्यासमोर धरला. शिंपला आपल्याच अंगातून बारीक तंतू काढतो आणि त्यांनी दोरीला चिकटून राहतो. आमच्या धंद्यात त्याला दाढी म्हणतात. मी तसं सांगितलं.

"मग तुमच्या दाढ्या विरळ झाल्यात, दोरीवाले."

माझा हात नकळत हनुवटीवर गेला. ती हसली. "तुमची नाही हो म्हणाले."

ती जाऊन आता चौदा महिने झाले. मला लिहायची सवय नाही. होडी वल्हवणं आणि गाठी मारणं यापलीकडे माझे हात फारसे गेले नाहीत. पण ताई म्हणते, तू दिवसभर भिंतीशी बोलतोस, त्यापेक्षा कागदाशी बोल, भिंतीला तरी सुट्टी मिळेल. म्हणून जसं झालं तसं लिहितोय.

ती म्हणाली ते खोटं नव्हतं. दोन वर्षं माझे शिंपले गळत होते. जरा लाट मोठी आली की दोरी वर ओढावी तर अर्धी उघडी. मी म्हणायचो, पाण्याची ओढ वाढलीय. ताई म्हणायची, तुझा आळस वाढलाय. आणखी एक हंगाम असाच गेला असता तर तराफा मोडून काठावर ओढावा लागला असता. तो तराफा माझ्या वडिलांनी बांधलेला. त्याच्याशिवाय मला दुसरं काही येतही नव्हतं.

म्हणून ती म्हणाली, "दर मंगळवारी वीस शिंपले आणून द्याल? का गळतात ते शोधून देते," तेव्हा मी लगेच हो म्हणालो. तिचे ओले केस बघून हो म्हणालो असं ताई सांगत फिरायची. पण ताई तिथे नव्हतीच.

पहिल्या मंगळवारी मी शिंपले घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. बंदराच्या कचेरीचा दुसरा मजला, जुनी बर्फाची कोठी होती तिच्या वर. खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवलेला. दाराबाहेर पायपुसणं, त्याच्यावर पाटी : 'बाहेरच्यांनी इथेच थांबावं.'

तिने दार उघडलं आणि माझ्या हाताकडे बघून डोळे मिटले.

"पिशवीत आणलेत?"

"स्वच्छ आहे. नवी कोरी."

"प्लास्टिकच्या पिशवीत... शिंपल्यांतलं प्लास्टिक मोजायला."

"तुम्ही प्लास्टिक मोजणार हे कुठे सांगितलंत?"

"चिठ्ठीत होतं!"

पुढच्या मंगळवारी मी माझा जेवणाचा स्टीलचा डबा घासून, ओल्या सुती फडक्यात शिंपले गुंडाळून नेले. आणि अंगात लाल स्वेटर घातला. तो ताईने विणलेला होता, लोकरीसारख्या दिसणाऱ्या पण लोकर नसलेल्या चकचकीत धाग्याचा. माझ्याकडे चांगला म्हणावा असा तेवढाच कपडा.

"आज डबा!" ती म्हणाली. "शाबास. आणि स्वेटर पण."

"थंडी आहे."

"हो ना. फार." बाहेर लख्ख ऊन होतं.

डबा घेऊन ती दार लावायला लागली, मग थांबली. "बघायचंय का? पाच मिनिटं हं. फक्त पाच."

खोलीत पंखा नव्हता. स्टीलचं टेबल आरशासारखं पुसलेलं. ती शिंपल्यांचं मांस औषधात विरघळवायची, ते पाणी बारीक कागदातून गाळायची, आणि कागदावर जे उरेल ते मायक्रोस्कोपखाली बघायची. मी डोळा लावला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. ती म्हणाली, "जरा मागे सरका... आता?" आणि मग दिसलं. बारीक तुकडे, कणी, धागे. एक हिरवा, दोन काळे आणि कितीतरी निळे.

"हे सगळं याच्या पोटात?"

"हा बिचारा दिवसाला बादलीभर पाणी गाळतो. पाण्यात जे असेल ते येतं. आणि हे तुकडे एकटे येत नाहीत. बंदरातलं तेल, होड्यांचा रंग, शेतांतून वाहून आलेली औषधं, हे सगळं पाण्यात पसरलेलं असतं, ते यांच्या अंगाला चिकटतं. तो तुकडा गिळला की विषाची पुडी आयती पोटात."

"म्हणून मरतात?"

"लगेच नाही. पोट भरलेलं वाटतं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. जी शक्ती असते ती आतली नासधूस निस्तरण्यात जाते. मग दाढीला काही उरत नाही." तिने खांदे उडवले. "आजारी माणसाची मूठ सैल होते ना, तसं."

टेबलाच्या कोपऱ्यात काचेची एक रिकामी बशी होती. आत नुसता ओला पांढरा कागद. मी विचारलं, ही कुणाची?

"कोणाचीच नाही. ती कोरी बशी. खोलीतल्या हवेत जे उडतं ते तिच्यावर पडतं. संध्याकाळी मोजायचं आणि शिंपल्यांच्या आकड्यातून वजा करायचं. नाहीतर माझ्या खोलीतला कचरा समुद्राच्या नावावर जायचा."

"आणि हा कोट? रस्ता दुरुस्तीचं काम पण करता का?"

"सुती आहे, मी स्वतः रंगवलाय. हा रंग इथल्या पाण्यात सापडत नाही. माझा धागा पडला तर मला लगेच ओळखू येतो." ती कोटाची बाही झटकायला गेली आणि झटकली नाही. "चुका आपल्या आपल्याला ओळखता आल्या की बरं असतं."

पाच मिनिटांची वीस झाली. पुढच्या मंगळवारी पाऊण तास. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिने मला स्टूल दिलं. मी शिंपल्यांबद्दल मला माहीत असलेलं सगळं सांगितलं, आणि ते संपल्यावर माहीत नसलेलंही सांगितलं. ती मधेच मायक्रोस्कोपवरून मान वर करायची आणि म्हणायची, "हे तुम्ही आत्ता बनवलंत ना?" मी म्हणायचो, "थोडं."

एकदा ती म्हणाली, "हे निळे कुठून येतात कळत नाही. जाळ्यांचे असतील का?"

"असतील," मी म्हणालो. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच होतं. तिच्या कपाळावर केसांची एक बट आली होती आणि हातात मोजे असल्यामुळे तिला ती मागे घेता येत नव्हती. ती फुंकर मारत होती. मला वाटलं... पण माझे हात शिंपल्यांचे होते. मी ते मांडीखाली घेऊन बसलो.

आठव्या मंगळवारी दारावर कागद होता : 'नमुने देऊ नयेत. काम थांबलं आहे.'

मी तीन दिवस शेडमध्ये कोणाशी बोललो नाही. ताई म्हणाली, "काम थांबलंय ना? तुझा श्वास का थांबलाय?"

शुक्रवारी दुपारी पिवळा कोट शेडच्या दारात आला. ताई म्हणाली, "घ्या, पिवळी आली," आणि हातातलं काम न टाकता नीट ऐकू येईल अशा जागी सरकली.

तिच्या हातात वही होती. ती चिडलेली होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. "दोरीवाले, हे बघा. कोऱ्या बशीत पहिल्या मंगळवारी लाल धागे शून्य. दुसऱ्या मंगळवारी दोन. मग पाच. मग नऊ, दहा, दहा. गेल्या वेळी अकरा. बुधवार ते सोमवार, एकही नाही."

मी स्वेटरकडे बघितलं. तो माझ्या अंगातच होता.

"शिंपल्यांच्या कागदांवर पण लाल. माझं काम तपासणारे सर म्हणाले, हे काय आहे? बाहेरचा माणूस आत आला होता का?"

"मग?"

"मी खोटं बोलत नाही. आला होता, असं मी सांगितलं. ते म्हणाले, किती वेळ?" तिने वहीचं पान उलटलं.

"मग?" हे ताई म्हणाली.

"शिंपला दाखवायला पाच मिनिटं लागतात," ती वहीकडे बघत म्हणाली. "मी लिहिलं, गेल्या वेळी दोन तास दहा मिनिटं. ते म्हणाले, दोन तास बाहेरचा माणूस आत काय करत होता? आता... यावर मी काय लिहू?"

नीट ऐकू यावं म्हणून ताईने गळता नळ घट्ट बंद केला. 

"नियम माझा होता," ती म्हणाली. "पाटी मी लावलेली. मी कोणालाही आत घेत नाही. तुम्हाला का घेतलं ते..." मग तिने वही बंद केली. "असो. तुमचा स्वेटर लागेल. त्याच्या धाग्याशी ताडून बघते. लाल सगळे याचेच ठरले तर तेवढे वजा करता येतील, बाकीचं काम वाचेल. नाहीतर सर सगळंच रद्द करणार. आणि मला ते निळे सोडायचे नाहीत. त्यांना पीळ आहे, दोरीसारखा. जाळ्यांचे नाहीत ते."

"मंगळवारी आणतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी शेडच्या मागे गेलो. तिथे एक जुनी दोरी पडली होती, काळीहिरवी, शेवाळाने भरलेली. समुद्रात पंधरा दिवसांत सगळ्याच दोऱ्या तशा होतात. चाकूने कापली. आतून निळी होती, प्लास्टिकची. नवी असताना निळीच होती, दोन वर्षांपूर्वी सगळ्या तराफ्यासाठी मीच निवडली होती, आणि मी विसरून गेलो होतो. बोटाने चोळली तर बोटावर निळी पूड आली.

दीडशे दोऱ्या. मीच माझ्या शिंपल्यांना दोन वर्षं चारत होतो.

ताई मागे येऊन उभी होती. तिला सगळं कळलं होतं, तिला नेहमी कळतं. "स्वेटर उसवला म्हणून सांग," ती म्हणाली.

"उसवला नाहीये."

"काढ, उसवते. मी विणलाय, मला हक्क आहे." तिने खरंच गळ्याशी हात घातला. मी मागे सरकलो. "अरे, ते काम रद्द झालं तर निळ्याचं कोणी विचारणार नाही. दोऱ्या बदलायच्या म्हणजे तराफा दोन वर्षं रिकामा. त्या मुलीसाठी?"

"शिंपल्यांसाठी."

"हो का? शिंपल्यांसाठी रोज दाढी करतोस?"

 चार दिवस माझ्या मनात दोन्ही बाजू वरखाली होत राहिल्या. खोटं सांगायला नको, सोमवारी मी स्वेटर कपाटात खाली कोंबून ठेवला होता. मंगळवारी सकाळी तराफ्यावर गेलो, एक दोरी वर ओढली. एक मोठा शिंपला हात लागताच सुटला आणि पाण्यात गेला. मी तो बुडताना बघितला.

घरी येऊन मी सुती सदरा घातला. तेव्हा खरंच थंडी होती. स्वेटर घडी करून कागदात गुंडाळला. डब्यात शिंपल्यांच्या जागी वीतभर दोरी ठेवली आणि निघालो.

ती दार उघडून बाजूला झाली. मी पायपुसण्यावरच थांबलो.

"आत या."

"पाटी आहे," मी म्हणालो आणि दोन्ही वस्तू दिल्या. "स्वेटर लालसाठी. आणि डबा... निळ्यासाठी."

तिने डबा उघडला. बराच वेळ बघितलं. मग आत गेली. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. अंगावर काटा येत होता. आतून काचेचे लहान लहान आवाज येत होते, आणि मधे बराच वेळ काहीच नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे मायक्रोस्कोपने लाल झाले होते, की आणखी कशाने, ते मी विचारलं नाही. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"जुळलं," ती म्हणाली. "दोन्ही."

"हं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी. तुम्ही पीळ म्हणालात तेव्हा."

"दोरी दिली नसती तर मला कळलं नसतं. निदान वर्षभर तरी नाही. माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं."

"मग का दिलीत?"

मी पायरीकडे बघत राहिलो. मला छान बोलता येत नाही. "तुम्ही रोज एक रिकामी बशी मांडता," मी म्हणालो, "आपली चूक आपल्याला कळावी म्हणून. अशा माणसासमोर मी... मी दर मंगळवारी तिथे बसायचं कसं? निळं लपवून?"

 ती म्हणाली, "सगळा दोष दोरीचा नाही. विष बंदरातूनच येतं, तुकडे दुसरीकडूनही येतात. पण दोरी बदललीत तर फरक पडेल. काथ्याची लावा. मी येईन मोजायला. दर महिन्याला."

"आणि लाल?"

"लाल वजा करावे लागतील."

"हं," मी म्हणालो. मला वाईट वाटलं, ते लपलं नसावं.

तिने वाऱ्याने आलेली ती बट मागे घेतली. या वेळी हातात मोजे नव्हते. "फक्त कागदावर, दोरीवाले," ती म्हणाली. "फक्त कागदावरच वजा करणार आहे मी."

जिन्यात कोणी नव्हतं. माझे हात गार पडले होते, ते तिने स्वतःच्या कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले. शिंपल्यांचा वास येतो म्हणालो, तर म्हणाली, तो मला आठ मंगळवार येतोय.

अहवालात तिने सगळं लिहिलं. लाल धाग्यांपुढे 'कुठून आले' असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं : 'पाहुणा.' सरांनी त्यावर शिक्का मारला. ताईने ते वाचलं आणि म्हणाली, पाहुणा म्हणे, आणि आठवडाभर मला पाहुणेबुवा म्हणून हाक मारली.

दोऱ्या बदलायला दोन वर्षं लागलीच. त्यातल्या पहिल्या वर्षी आमचं लग्न झालं. तिसऱ्या वर्षी ती तराफ्यावर पालथी पडून ओरडली, "पाच! दोरीवाले, पाच!" सहा कधीच झाले नाहीत. पाण्यात बाकीचं होतंच, अजून आहे. पण शिंपले धरून राहायला लागले.

ती सवय तिने घरी आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीत कोरी बशी. दर रविवारी भिंगातून बघायची आणि वहीत लिहायची. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तिने लाल धाग्यांपुढच्या रकान्यात 'पाहुणा' लिहिलं, खोडलं, आणि 'घरचा' लिहिलं. पुढे एकोणीस वर्षं तेच. 'लाल दोन, दोरीवाले चार दिवस बाहेर.' 'लाल नऊ, घरचा, दिवसभर लोळत.' पिवळे सापडले की त्यापुढे 'मी' लिहायची. शेवटच्या दोन महिन्यांत तिला खिडकीपर्यंत जाता येईना, तेव्हा मी बशी पलंगापाशी न्यायचो. तिला भिंग धरवत नसे. मी मोजायचो, ती म्हणायची, नीट बघ, उगाच वाढवू नकोस.

ती गेल्यावर मी बशी मांडत राहिलो. ताई काही म्हणाली नाही. दर रविवारी लाल सापडायचे, चार, सहा. लाल तेवढे. स्वेटर आता कोपरांवर विरलाय, म्हणून जास्त गळतो.

परवाच्या रविवारी मी भिंग घेतलं. लाल सात. आणि कागदाच्या कडेला, अगदी कडेला, एक पिवळा.

तिचा कोट दाराच्या मागे अजून लटकतोय. शनिवारी वारा होता. तिथूनच आला असणार, मला कळतं तेवढं. तरी मी पुन्हा बघितलं. उगाच वाढवलेलं नव्हतं.

वही उघडली. तारीख लिहिली. लाल सात, घरचा. मग पिवळा एक, आणि पुढचा रकाना. तिथे ती 'मी' लिहायची. मी तिथे काय लिहावं ते बराच वेळ कळेना. ताई शेडमधून हाका मारत होती.

शेवटी लिहिलं, 'वजा केलेला नाही.'